इतिहास-भूगोलाच्या तासाला लेखन कसे शिकवावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहावी ते दहावीच्या वर्गांना इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरणे बहुतेक महाराष्ट्रातली घेतली आहेत. आपली पाठ्यपुस्तके, आपल्या मुलांची भाषा आणि आपला पेपर डोळ्यासमोर ठेवूनच ही पद्धत सांगितली आहे.

लेखन शिकवणे हे मराठीच्या शिक्षकांचे काम नाही का?

निबंध, पत्र, व्याकरण, रसग्रहण हे मराठीच्या तासाला होते आणि तिथेच व्हावे. पण ‘पुराव्यावरून निष्कर्ष काढून तो लिहिणे’ हे काम मराठीच्या तासाला होत नाही. आकड्यांचा तक्ता पाहून परिच्छेद लिहिणे, एखाद्या घटनेची दोन कारणे वेगळी काढून त्यांतले वजनदार कोणते ते ठरवणे, जुन्या कागदावरून काय कळते आणि काय कळत नाही हे सांगणे, या गोष्टी आपल्याच विषयाच्या आहेत. उत्तम निबंध लिहिणारी मुलगी इतिहासाच्या पेपरात गोलगोल लिहिते, ते याच कारणाने. तिला भाषा येते, पण आपल्या विषयात मत कशाच्या आधारावर उभे राहते हे तिला कोणी दाखवलेले नसते.

उत्तर फळ्यावर लिहून दिले नाही तर मुले काहीच लिहीत नाहीत. मग काय करावे?

मुले लिहीत नाहीत याचे कारण बहुधा असे की त्यांना आजवर उतरवून घेण्याचाच सराव आहे. फळ्यावरचे उत्तर एकदम बंद केले तर वर्ग गडबडतो, पालक तक्रार करतात आणि आपणही पंधरा दिवसांत जुन्या वाटेला लागतो. म्हणून हळूहळू काढून घ्यावे.

पहिले दोन आठवडे फळ्यावर पूर्ण उत्तर द्या, पण शेवटचे वाक्य मोकळे ठेवा. पुढचे दोन आठवडे फक्त पहिले वाक्य आणि कंसात तीन मुद्दे द्या. त्यानंतर फक्त मुद्दे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत फळ्यावर प्रश्न आणि चार-पाच आवश्यक शब्द एवढेच उरले पाहिजेत. प्रत्येक टप्प्यावर मुलांना वर्गातच लिहायला लावा. घरी दिले की गाईड उघडते.

गाईडमधले उत्तर चुकीचे असते असे नाही. पण ते कोणा दुसऱ्याने विचार करून लिहिलेले असते, आणि ते पाठ करणाऱ्या मुलाला प्रश्नातला एक शब्द बदलला तरी काही सुचत नाही.

सुरुवात किती मोठ्या लेखनापासून करावी?

तीन वाक्यांपासून. पहिल्या वाक्यात प्रश्नाचे थेट उत्तर, दुसऱ्यात त्याचा पुरावा म्हणजे घटना, साल, आकडा, नाव किंवा स्थळ, आणि तिसऱ्यात त्या पुराव्याने उत्तर कसे सिद्ध होते ते. वर्गात आपण याला विधान, पुरावा, दुवा म्हणू. सहावी-सातवीला वर्षभर एवढेच पक्के झाले तरी पुरे. आठवीला असे दोन परिच्छेद जोडायचे, नववी-दहावीला तीन.

विधान आणि पुरावा मुले लवकर शिकतात. अडते ते दुव्यापाशी. पुरावा दिला की झाले, बाकी वाचणाऱ्याने समजून घ्यावे, असे त्यांना वाटते. म्हणून महिनाभर फक्त दुव्याचा सराव घ्या: विधान आणि पुरावा तुम्ही द्यायचा, तिसरे वाक्य त्यांनी लिहायचे. ३५ मिनिटांच्या तासात याला आठ मिनिटे लागतात.

‘विधान सकारण स्पष्ट करा’ यात मुलांचे नेमके काय चुकते?

या प्रश्नप्रकारावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. समजा विधान असे आहे: ‘कायदेमंडळाचा ठराव असूनही महाड येथे सत्याग्रह करावा लागला.’

नेहमी येणारे उत्तर असे असते: ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. हा सत्याग्रह खूप महत्त्वाचा होता. त्यामुळे समाजात जागृती झाली.’

यात एकही गोष्ट खोटी नाही, तरी उत्तर मिळालेले नाही. पहिले वाक्य घटना सांगते, कारण सांगत नाही. दुसरे वाक्य कुठल्याही घटनेला लावता येईल. तिसरे परिणाम सांगते. आणि ‘ठराव असूनही’ हे प्रश्नातले मर्म मुलाने वाचलेलेच नाही. अशा उत्तरावर लाल शाईने नुसते ‘अपुरे’ लिहिले तर मुलाला काहीच कळत नाही. तो पुढच्या वेळी आणखी दोन ओळी वाढवतो, एवढेच.

तेच उत्तर असे लिहिता येते: ‘सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तो स्वीकारला. पण सवर्णांच्या विरोधामुळे अस्पृश्यांना चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्षात घेता येत नव्हते. ठरावाने दिलेला हक्क कागदावरच राहिल्यामुळे तो सर्वांसमोर बजावून दाखवणे आवश्यक झाले, आणि त्यासाठी हा सत्याग्रह करावा लागला.’

दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी फळ्यावर लिहा आणि वर्गाला विचारा की दुसऱ्यात असे काय आहे जे पहिल्यात नाही. मुले आधी ‘जास्त माहिती’ म्हणतील. तिथे थांबू नका. ‘पण’ आणि ‘राहिल्यामुळे’ या दोन शब्दांखाली रेघ ओढा. सगळा विचार त्या दोन शब्दांवर तोललेला आहे.

मग पुढचा प्रश्न टाका. सत्याग्रहानंतर महाड नगरपालिकेने १९२७ मध्येच आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल १९३७ मध्ये लागला. ही माहिती वरच्या उत्तरात घालावी का? नाही. ती सत्याग्रहानंतरची आहे, म्हणून ती कारण होऊ शकत नाही. पण ‘सामाजिक हक्कासाठी नुसता ठराव पुरेसा नसतो’ या विषयावर सविस्तर लिहायचे असेल तर हाच सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो. एकच माहिती एका प्रश्नात फापटपसारा आणि दुसऱ्यात कणा असते, हे मुलांना अशा उदाहरणानेच उमजते.

‘त्यामुळे’ हा शब्द मुले जिथे-तिथे वापरतात. त्यावर उपाय?

एक सोपी तपासणी आहे. ‘त्यामुळे’ खोडून तिथे ‘त्यानंतर’ लिहायचे आणि वाक्य पुन्हा वाचायचे. अर्थ तोच राहिला तर मुलाने फक्त क्रम सांगितला आहे, कारण सांगितलेले नाही. ‘१८५७ चा उठाव झाला. त्यामुळे १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपला.’ इथे ‘त्यानंतर’ अगदी सहज बसते. ‘उठावामुळे कंपनीच्या हाती भारताचा कारभार सुरक्षित नाही असे ब्रिटिश संसदेचे मत झाले आणि तिने तो राणीच्या सरकारकडे घेतला’ असे लिहिले की मधली कडी दिसते.

दुसरी सवय कर्ता लपवण्याची. ‘कर वाढवले गेले’, ‘अन्याय केला गेला’. कोणी वाढवले? कंपनीने, संसदेने, मामलेदाराने की सावकाराने? अशा वाक्यापुढे समासात ‘कोणी?’ एवढेच लिहा. ‘इंग्रजांनी’ हे उत्तर आठवीपासून पुढे चालवून घेऊ नये. ‘१८८२ मध्ये कंपनीने हंटर शिक्षण आयोग नेमला’ अशी चूक त्या मोघम ‘इंग्रजां’तूनच येते. कंपनीचा कारभार त्याआधीच २४ वर्षे संपला होता.

साधनांवर आधारित लेखन कसे घ्यावे? आमच्याकडे संग्रहालय नाही, ग्रंथालय बेताचे आहे.

एक कागद पुरतो. साधनाचा उतारा ६० ते १२० शब्दांचा असावा. वर एका ओळीत कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिले ते द्या. खाली चार-पाच कठीण शब्दांचे अर्थ द्या. उतारा मोठा दिला की मुले वाचण्यातच दमतात आणि लेखन घरी जाते. एका तासाला दोनपेक्षा जास्त साधने नकोत.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेले निवेदन आठवी ते दहावीला चांगले चालते. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेकडून येतो, खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, असे त्यात म्हटले आहे. निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणीही आहे. मूळ निवेदन इंग्रजीत आहे, म्हणून वर्गात त्याचा मराठी अनुवाद द्यावा लागेल. तासाची आखणी अशी करता येईल: पाच मिनिटे मूकवाचन, आठ मिनिटे जोडीत चर्चा, बारा मिनिटे लेखन, सात मिनिटे दोन-तीन उत्तरांचे वाचन.

लिहायला असा प्रश्न द्या: ‘या निवेदनावरून १८८२ मधल्या शिक्षणाबद्दल काय कळते आणि काय कळत नाही?’ दुसरा अर्धा भाग फार मोलाचा आहे. त्यावर दोन ठरावीक चुका येतात. काही मुले लिहितात, ‘फुल्यांनी म्हटले आहे, म्हणून ते खरे आहे.’ काही लिहितात, ‘हे त्यांचे मत आहे, म्हणून पुरावा नाही.’ दोघांनाही एकच गोष्ट दाखवावी. निवेदन हा त्या काळी कोणती मागणी होत होती याचा पक्का पुरावा आहे. प्रत्यक्ष किती खर्च कशावर होत होता हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, त्यासाठी सरकारी हिशेब पाहावे लागतील. एवढे दोन वाक्यांत लिहिता आले की मुलगा इतिहासलेखनाच्या उंबऱ्यावर आला असे समजा.

गावातली साधनेही वापरा. शाळेचे जुने जनरल रजिस्टर, जिल्ह्याचे गॅझेटियर, देवळातला शिलालेख, वेशीवरची वीरगळ, ग्रामपंचायतीच्या फलकावरचा जमाखर्च. सातबाराचा खालचा भाग, म्हणजे गाव नमुना १२, पिकांची नोंद देतो. एकाच गटाचे दहा वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन उतारे शेजारी ठेवले तर ‘आमच्या गावातली पीकपद्धती’ या विषयावर गाईडमध्ये न सापडणारा परिच्छेद तयार होतो. खातेदारांची नावे मात्र झाकून छायाप्रत काढा. रजिस्टरमधली नावे आणि जातीचे रकानेही तसेच झाकावेत.

टीप आणि सविस्तर उत्तर यांत फरक काय शिकवावा?

टिपेत व्याख्या किंवा ओळख, दोन-तीन ठळक मुद्दे आणि महत्त्व येते. मत सिद्ध करायचे नसते. सविस्तर उत्तरात प्रश्नाने विचारलेली बाजू सिद्ध करायची असते. टिपेत पाल्हाळ नको, एवढे सांगून पुढे जावे. वेळ सविस्तर उत्तरावर घालवावा.

सविस्तर उत्तर म्हणजे मुले सनावळी ओततात. आखणी कशी शिकवायची?

चिठ्ठ्या वापरा. नववीला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर लिहायचे आहे असे धरू. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहा: १९५३ चा राज्य पुनर्रचना आयोग. १९५५ चा त्याचा अहवाल. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळचा गोळीबार. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचा राजीनामा. १ नोव्हेंबर १९५६ चे द्वैभाषिक (मराठी व गुजराती भाषकांचे एकत्र) मुंबई राज्य. १९५७ च्या निवडणुकीत समितीला पश्चिम महाराष्ट्रात मिळालेले यश. १ मे १९६०.

चार-पाच मुलांच्या गटाला हा संच द्या आणि चिठ्ठ्यांचे तीन ढीग करायला सांगा. ढिगांना नावे त्यांनीच द्यायची. बहुतेक गट आधी सालाप्रमाणे लावतात. ते मोडा आणि विचारा, ‘केंद्र सरकारला द्वैभाषिक राज्याचा निर्णय का बदलावा लागला?’ आता ढीग बदलतात. एकात केंद्राचे निर्णय जातात, दुसऱ्यात रस्त्यावरचा लढा, तिसऱ्यात मतपेटीतला कौल. देशमुखांच्या राजीनाम्याची चिठ्ठी कुठे ठेवायची यावर गटात वाद होतो. तो होऊ द्या. त्या वादातूनच परिच्छेदाचे पहिले वाक्य मिळते. प्रत्येक ढीग म्हणजे एक परिच्छेद, आणि ढिगाचे नाव म्हणजे त्या परिच्छेदाचे विधान. प्रश्नाला न लागणारी चिठ्ठी बाजूला काढून ठेवायची. ही चिठ्ठी काढण्याची हिंमत यायला वेळ लागतो, कारण माहीत असलेले सगळे लिहिले की गुण मिळतात असे मुलांना वाटत असते.

याच विषयात आणखी एक गोष्ट शिकवून टाका. हुतात्म्यांची संख्या वेगवेगळ्या ठिकाणी १०५, १०६ किंवा १०७ अशी आढळते. आकडा लिहिताना तो कुठून घेतला ते सोबत लिहायची सवय अशा ठिकाणी लागते. ‘पाठ्यपुस्तकानुसार’, ‘स्मारकावरील फलकानुसार’ हे शब्द सातवीतल्या मुलालाही जमतात.

भूगोलात लिहिण्यासारखे काय असते? तिथे तर आकृत्या आणि नकाशे असतात.

नकाशा पाहिला आणि आलेख काढला तरी त्यांवरून काय म्हणायचे ते वाक्यातच सांगावे लागते, आणि तिथे मुले घसरतात. २०११ च्या जनगणनेतले दोन आकडे घ्या. रत्नागिरी जिल्ह्याचे लिंग गुणोत्तर ११२२, मुंबई शहर जिल्ह्याचे ८३२. यावर लिहायला सांगितले की पहिली चूक येते: ‘रत्नागिरीत ११२२ स्त्रिया आहेत.’ दुसरी: ‘रत्नागिरीची लोकसंख्या मुंबईपेक्षा जास्त आहे.’ तिसरी अधिक सूक्ष्म असते: ‘या आकड्यांवरून दिसते की कोकणातले पुरुष मुंबईला जातात.’ आकड्यांवरून तसे दिसत नाही. आकड्यांवरून फक्त फरक दिसतो. पुरुषांचे नोकरीसाठी स्थलांतर हे त्या फरकाचे स्पष्टीकरण आहे आणि ते आपल्याला दुसऱ्या माहितीवरून कळते.

म्हणून तीन पायऱ्या ठेवा. आधी आकडा एककासह वाचायचा: ‘रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत.’ मग तुलना: ‘मुंबई शहरात हेच प्रमाण ८३२ आहे, म्हणजे दर हजार पुरुषांमागे २९० ने कमी.’ शेवटी कारण, आणि त्याची सुरुवात ‘याचे एक कारण’ अशी करायची. ‘यावरून दिसते’ आणि ‘याचे एक कारण’ हे दोन वाक्प्रयोग वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावेत.

प्रक्रिया लिहिताना वेगळीच अडचण येते. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी का, याचे उत्तर मुले ‘सह्याद्री ढग अडवतो’ एवढ्यावर संपवतात. फळ्यावर बाण काढा: समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे → सह्याद्रीमुळे हवा वर चढते → वर जाताना थंड होते → सांद्रीभवन (बाष्पाचे थेंब होणे) → पश्चिम उतारावर पाऊस → बाष्प कमी झालेली हवा पूर्वेकडे खाली उतरते → उतरताना तापते → तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते → पाऊस कमी. प्रत्येक बाणाचे एक वाक्य. ‘थंड होते’ आणि ‘उतरताना तापते’ हे दोन टप्पे हटकून गळतात. ते गळले की उत्तर पाठांतरातून आले आहे हे ओळखावे. ब्राझीलचा अवर्षण चतुष्कोन, म्हणजे ईशान्येकडचा कमी पावसाचा प्रदेश, शिकवताना हीच साखळी मुलांना स्वतः लिहू द्या. जागेची नावे आणि वाऱ्यांची दिशा बदलते, विचार तोच राहतो.

राज्यशास्त्राच्या धड्यांवर लेखनाचा उपक्रम काय द्यावा?

माहितीच्या अधिकाराचा अर्ज. यासारखा नेमके लिहायला लावणारा दुसरा उपक्रम नाही. हा कायदा २००५ चा आहे. महाराष्ट्रातल्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये, आणि माहिती देण्याची मुदत ३० दिवस. ही शब्दमर्यादाच शिक्षकाचे अर्धे काम करते.

मुलांचा पहिला मसुदा असा असतो: ‘आमच्या वाडीचा रस्ता खराब का आहे व त्याला जबाबदार कोण, ही माहिती मिळावी.’ कायद्याने उपलब्ध असलेली नोंद मिळते, ‘का’ याचे स्पष्टीकरण किंवा मत मागता येत नाही. दुसऱ्या मसुद्यात रस्त्याचे नाव, कामाचे आर्थिक वर्ष, अंदाजपत्रकाची प्रत, कार्यारंभ आदेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींची प्रत, असे आले पाहिजे. प्रत्येक मागणीला क्रमांक आणि अर्जात कुठेही विशेषण नाही. ‘अत्यंत निकृष्ट’, ‘भ्रष्ट’ हे शब्द खोडायला लावा. ते खोडल्याने अर्ज दुबळा होत नाही हे मुलांना दिसते. अर्ज वर्गापुरताच लिहायचा. खरोखर द्यायचा असेल तर तो पालकांशी बोलून ठरवावा.

याला जोड म्हणून ग्रामसभेत मांडायचा एक परिच्छेदाचा ठराव लिहून घ्या. अर्जात मागणी असते आणि ठरावात निर्णय, म्हणून वाक्यांची ठेवण बदलते.

‘तुमचे मत लिहा’ या प्रश्नावर सगळे एकसारखे लिहितात. शिवाय संवेदनशील विषयांची भीती वाटते.

एकसारखे लिहितात कारण ‘अपेक्षित’ मत कोणते हे त्यांनी हेरलेले असते. प्रश्नच असा द्या की दोन्हीकडे पुरावा आहे. ‘स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण दिल्याने निर्णयांत त्यांचा सहभाग वाढला का?’ या प्रश्नावर पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र आणि गावातला अनुभव वेगवेगळे बोलतात. अट अशी घाला की आपल्या मताविरुद्धचा एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडून त्याला उत्तर द्यायचे. ‘काही जण म्हणतात… त्यात तथ्य एवढे आहे… तरीही…’ ही चौकट द्या. तपासताना मताला गुण नाहीत, आधाराला आहेत, हे आधी सांगा आणि पाळाही. तुमच्या मताविरुद्ध लिहिलेल्या एका चांगल्या उत्तराला पूर्ण गुण देऊन ते वर्गात वाचून दाखवले की वर्गाचा विश्वास बसतो.

जात, धर्म, थोर व्यक्ती यांबद्दलच्या लेखनात एकच नियम कडक ठेवा: साधनाशिवाय विधान नाही. जिवंत माणसाची, गावातल्या घराण्याची नावे नाहीत. वर्गात ज्याच्या जातीवर किंवा धर्मावर बोलणे चालले आहे अशा मुलाला ‘तू तुमच्याकडचे सांग’ असे कधीही म्हणू नये.

एका तुकडीत साठ मुले, तुकड्या चार. एवढ्या वह्या तपासायच्या कशा?

सगळ्या वह्या सगळ्या चुकांसाठी तपासू नयेत. एका वेळी एकच गोष्ट पाहा. या आठवड्यात फक्त दुवा, पुढच्या आठवड्यात फक्त पुरावा. समासात चार खुणा वापरा: ‘प्र’ म्हणजे प्रश्न पुन्हा वाच, ‘पु’ म्हणजे पुरावा हवा, ‘दु’ म्हणजे दुवा नाही, ‘को’ म्हणजे कोणी केले ते लिही. तीन वाक्यांच्या परिच्छेदाला अशी खूण करायला अर्धा मिनिट लागतो. दर आठवड्याला प्रत्येक तुकडीतल्या दहा वह्या मात्र बारकाईने पाहा. दीड महिन्यात फेरी पूर्ण होते.

खूण केल्यावर मुलाने तो परिच्छेद पुन्हा लिहिलाच पाहिजे, नाहीतर तपासणी वाया गेली. पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटे त्यासाठी राखा. चार गुणांच्या उत्तराला प्रश्नाचे थेट उत्तर १, नेमका पुरावा २, दुवा १ अशी विभागणी फळ्यावर आधीच लिहा. मग मुले एकमेकांच्याही वह्या तपासू शकतात.

शुद्धलेखनाचे गुण कापावेत का? आणि ज्यांची घरची बोली वेगळी आहे त्यांचे काय?

विचार तपासताना ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवा. पहिल्या मसुद्यात मूल अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत किंवा गोंडीत लिहीत असेल तर लिहू द्या. विचार ज्या भाषेत पळतो त्या भाषेतच तो आधी पकडावा लागतो. दुसऱ्या मसुद्यात प्रमाण मराठी. मात्र विषयाचे पारिभाषिक शब्द पहिल्यापासून अचूक हवेत: ‘विधानसभा’ आणि ‘विधानपरिषद’, ‘हवा’ आणि ‘हवामान’, ‘आयोग’ आणि ‘आंदोलन’ यांत गल्लत चालणार नाही. प्रत्येक धड्याचे पाच शब्द फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर ठेवा आणि त्यांतले तीन उत्तरात आलेच पाहिजेत अशी अट घाला.

जे मूल चार ओळीही लिहू शकत नाही त्याला आधी बोलू द्या. शेजारच्याने ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायचे. मग त्याने तेच पाहून स्वतःच्या हाताने लिहायचे आणि एक वाक्य वाढवायचे. रोज एक वाक्य.

प्रकल्प तर सरळ मोबाइलवरून उतरवलेले असतात. आता एआयकडून लिहून आणतात.

विषयच तसे दिलेले असतात. ‘जलप्रदूषण’ असा विषय दिला तर उतरवलेलेच येणार. ‘आपल्या वस्तीतल्या सार्वजनिक नळाला पाणी कधी आणि किती वेळ येते: सात दिवसांच्या नोंदी व त्यांवरून निष्कर्ष’ असा विषय दिला तर नोंदी मुलालाच घ्याव्या लागतात. नोंदवही घरून, पण निष्कर्षाचे पान वर्गात, समोर बसून, हाताने लिहायचे. नंतर प्रत्येकाला दोन तोंडी प्रश्न: हा आकडा कुठून आला? इथे ‘त्यामुळे’ का लिहिलेस? जाडजूड मुखपृष्ठ, चमकी आणि छापील चित्रे यांना गुण देणे थांबवले की अर्धा प्रश्न मिटतो.

हे सगळे करत बसलो तर दहावीचा पेपर कसा होणार?

राज्य मंडळाच्या पेपरात इतिहास-राज्यशास्त्राला ४० आणि भूगोलाला ४० गुण, प्रत्येकी दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. दोन गुणांचे ‘सकारण स्पष्ट करा’ सहा मिनिटांत व्हायला हवे, आणि तीन-चार वाक्यांचा घट्ट परिच्छेद त्या वेळात आरामात बसतो. तीन गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटे, त्यांतले पहिले मिनिट समासात पेन्सिलीने मुद्दे टिपायला. वेळ वाया जातो तो पाठ केलेले आठवण्यात आणि विचारले नाही ते लिहिण्यात. दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा घड्याळ लावून एकच प्रश्न सहा मिनिटांत लिहून घ्या. डिसेंबरपर्यंत हाताला वेग येतो, आणि जानेवारीत सराव परीक्षा सुरू होतात तेव्हा फक्त क्रम आणि निवड यांवर काम उरते.